काविळीच्या मुळीचं नाव

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी आत्ता लिहायला बसले आहे. तुम्ही म्हणाला असता, "एवढी घाई कशाला केलीस?"

नव्वदच्या दशकातला एक सोमवार. मी मिशनच्या इस्पितळात नर्स, तुम्ही चिकपेटच्या कापडदुकानात कामाला. रविवारी मात्र आपल्या जयनगरच्या दारापुढे रांग लागायची. काविळीचं औषध तुम्ही द्यायचात, आजोबा देत तसंच, फुकट. मुळीचं नाव उच्चारलं की गुण जातो, म्हणून ते फक्त मरताना एकाच्या कानात सांगायचं. आमच्या डॉक्टर सिस्टर, त्या नन, याला थोतांड म्हणत, आणि तुम्ही त्यांच्या सुयांना. दोघांमध्ये मी अडकित्त्यातली सुपारी.

त्या दिवशी एक बाई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. लवकर गुण यावा म्हणून तिनं तुमच्या तिन्ही दिवसांच्या पुड्या एकदम पाजल्या होत्या. पोर डोळे उघडेना. सिस्टर मला म्हणाल्या, "पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय मी कशावर इलाज करू? वडिलांना बोलाव." मी दुकानात फोन केला. तासाभरानं तुम्ही ऑटोतून उतरलात, गळ्यात मापाची टेप तशीच. आता हा माणूस नाव न सांगण्याची शपथ पुढे करणार, असं वाटून मला आधीच तुमचा संताप आला होता. तुम्ही मुलीकडे एकदा पाहिलंत, सरळ सिस्टरच्या कानाशी वाकलात आणि नाव सांगितलंत. पुडीत किती असतं तेही.

संध्याकाळी पोरीनं पाणी मागितलं. अजूनही आठवलं की जीव भांड्यात पडतो. बाहेरच्या बाकावर तुम्ही ढसाढसा रडलात. सिस्टर शेजारी येऊन बसल्या. "अण्णा, रविवारची माणसं आधी माझ्याकडे धाडा. रक्त तपासू."

"सरी, बरं," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळून, "गुण गेला असेल गं. पण स्वल्प हलकं वाटतंय."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, म्हणून खरं लिहिते. ते नाव मला ठाऊक होतं. लहानपणी येलहंक्याच्या तळ्याकाठी तुम्ही मुळी खणताना मी मागून पाहिलं होतं, आणि ते झाड माझ्या ओळखीचं होतं. सिस्टरनी विचारलं तेव्हा ते अगदी जिभेवर होतं. तुमचा गुण जाईल म्हणून मी तासभर गप्प राहिले, पोर समोर तशीच पडलेली, आणि राग मात्र तुमचा करत होते.