गाडीच्या बदल्यात कवळी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून सांगण्यासारखं विशेष काही नाही. मी धुलाई कारखान्यात जातो, चादरींच्या घड्या घालतो, घरी येतो. बाबांची व्हॅन दारासमोर तशीच उभी आहे. काल चावी फिरवली, तर नुसती खोकली. त्यांनी गाद्या शिवायला घेतलेल्या दोन खुर्च्या अजून तिच्यात मागे पडून आहेत. त्यातल्या एकीवर बराच वेळ बसलो. काहीच वाटलं नाही. बाबा जाऊन महिना होत आला, काहीतरी वाटायला हवं, एवढंच वाटत राहिलं.

आईने बोलणं जवळपास टाकलंय. पाव दुधात कालवून चार घास खाते आणि तोंडावर हात धरून खिडकीशी बसते. डॉक्टर म्हणाले, दुःख आहे, वेळ द्या. शेजारचे म्हणतात, व्हॅन सारखी समोर दिसते म्हणून होतं, भंगारात घाल. तू सांगशील तसं करतो.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ठोंब्या


१३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. आ.

व्हॅन भंगारात घालायची नाही. तिने बाबांना जन्मभर छळलं, शाळेच्या कपड्यांत आपण दोघांनी ती चढावर ढकलली, सगळं खरं. तरी तिचे तुकडे झालेले मला नकोत. कुणी आहे तशी घेतली तर दे.

आई फोनवर येत नाही. आलीच तर नुसतं हं म्हणते. मी लगेच परतले त्याचा राग आलाय का तिला? खरं सांग. शिव्या घातल्या तरी चालतील, पण हे हं सोसवत नाही.

आणि तू नीट जेव. चादरींबरोबर स्वतःचीही घडी घालून ठेवू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

व्हॅन गेली. घाबरू नकोस, अख्खी गेली.

परवा कामावरून आलो, तर दारासमोर फक्त तेलाचा डाग. घरात कवळ्या बनवणारे काका आईच्या हिरडीवर मेण दाबून माप घेत होते. बाबा गेले त्याच आठवड्यात आईची कवळी मोरीत पडून फुटली होती. तिने कुणाला सांगितलं नाही. मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो, मला दिसलं नाही.

सौदा तिने स्वतः जाऊन ठरवला. व्हॅनच्या बदल्यात नवी कवळी. मी काकांना प्रामाणिकपणे सांगितलं, गाडी ऐन वेळी दगा देते. ते म्हणाले, मला कुठे चालवायचीय? कवळ्या घासताना घरभर धूळ उडते आणि त्यांच्या बायकोला दमा आहे. आता व्हॅन अंगणात उभी करून ते आतच काम करणार.

मला का नाही सांगितलंस, असं आईला विचारलं. ती बोबडं बोबडं म्हणाली, तू घरात होतास कुठे?

मी रोज घरातच होतो, ताई.

आठवण ठेव.

तुझा,
ठोंब्या


१९ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

मला दात आले. हसू नकोस. थोडे मोठे झालेत, काका घासून देणार आहेत.

तुझ्यावर राग कधीच नव्हता. तोंडातून नुसता वारा यायचा, ते ऐकून तू रडली असतीस. मला मात्र रडू येत नव्हतं. व्हॅन ढकलत नेली तेव्हाही आलं नाही. खुर्च्या तेवढ्या उतरवून घेतल्या.

मागच्या महिन्यात मीटरवरचं नाव बदलायला विजेच्या कचेरीत गेले होते. यांचं नाव मला धड सांगता येईना. खिडकीतला माणूस पुन्हा पुन्हा विचारत होता आणि मागे रांग खोळंबलेली. तशीच निघाले, ती थेट काकांच्या दारात जाऊन उभी राहिले.

काल परत गेले. नाव स्पष्ट सांगितलं, एकेक अक्षर नीट. त्या माणसाने ते खोडलं आणि माझं लिहिलं. झालं काम. बाहेर येऊन पायरीवर बसले, तर उठवेना. धाकटा शोधत आला, काही न विचारता शेजारी बसला. कचेरीचं दार बंद झालं तरी आम्ही तिथेच रडत होतो. आधी सुरुवात कुणी केली ते त्याला विचारू नकोस.

लोभ ठेव. सवड काढून ये.

तुझी,
आई