कॅथेड्रलच्या दारात

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. अजून दिसतं, बालाघाटच्या शाळेत तुम्ही फळ्यावर नागपूरचं कॅथेड्रल काढताय. आधी साहेबलोकांसाठी बांधलेलं लहानसं चर्च, मग बिशप येणार म्हणून वाढवलेलं. टोकदार कमानी, भिंतींना बाहेरून दिलेले दगडी धिरे, वेदीमागे रंगीत काच. खडूनं तुमची बाही पांढरी होते आणि आम्ही त्या चर्चच्या प्रेमात पडतो.

मग सहल ठरली. छप्पन साली त्याच नागपुरात दीक्षा घेऊन आलेले माझे आबा स्टेशनवर म्हणाले, "माह्या बापाले देवळाची पायरी चढू नाही देल्ली. तू आत जाजो, पोरी. डोये भरून पाहून येजो." गोंदियाला गाडी बदलून आम्ही पोचलो. म्हातारा चौकीदार म्हणतोय, "आइए सिस्टर, खुला है." आणि तुम्ही हात आडवा धरता. "हम बाहर से देखेंगे. यह प्रोटेस्टंट लोगों का है. अंदर गए तो पाप लगेगा."

"पर सिस्टर, मैं तो कॅथलिक ही नहीं हूँ. मुझे कैसे लगेगा?"

मुली खिदळल्या. तुम्ही माझी वेणी धरून मला मागे ओढलंत. "मेरे साथ आई हो ना? तो बाहर खड़ी रहो."

बाहर खड़ी रहो! कोणाच्या नातीला हे सांगताय, ठाऊक होतं तुम्हाला?

घरी आबांनी विचारलं, "आतून कसं हाय?" मी तुमचा सगळा फळा म्हणून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. "थंड असन, नाई?" "हौ आबा, लय थंड." ते तुम्ही शिकवलं नव्हतं, माझ्या पदरचं होतं. वस्तीभर ते सांगत फिरले, माही पोरगी आत जाऊन आली. तसंच समजून ते गेले. हे तुम्ही माझ्याकडून करवलंत, सिस्टर, आणि तुमच्याइतकं माझे केस हळुवार कोणी विंचरलेही नाहीत, म्हणून धड रागावताही येत नाही.

पुढे तुमच्या लोकांचे नियम सैल झाले म्हणे. सत्तरनंतर कधीतरी मी एकटीच तिथे गेले. तोवर तुम्हीही नव्हता. दार सताड उघडं, अडवायला कुणी नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिते. त्या उंबरठ्यावर मी थांबले, आणि मनातल्या मनात म्हटलं, "मे आय कम इन, सिस्टर?" आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिले.