थोरलीच्या वाटेवर

शनिवार, ३ मार्च

आठवडाभर जंगलात मेलेल्या पाइनांची मुळं उकरली. जिथे बघावं तिथे तीच बुरशी! काम संपलं तशी थेट बाबांकडे.

दारात टेकू देतील तर शपथ! "धाकटे, आधी मागे चल." मागे म्हणजे त्यांची राई. वनरक्षकाची नोकरी संपली, पण गस्त काही सुटत नाही. साठ पाइन, सगळे हाताने लावलेले. माझ्या जन्माच्या दिवशी लावलेला पाइन म्हणजे थोरली, मी धाकटी. खिशातल्या चाकूने साल जराशी खरवडायची, आत हिरवं दिसलं की पाठ थोपटायची. मला तरी एवढ्या शाबासक्या कधी मिळाल्या? लबाड म्हातारा!

शनिवार, १८ ऑगस्ट

फाटकाजवळची तीन झाडं शेंड्याकडून पिवळी पडलीत. बुंध्याची साल उचलली — खाली पांढरा पापुद्रा. आमच्या जंगलातलाच. चौथी थोरली. ती अजून हिरवी आहे.

चाकू! या झाडावरून त्या झाडावर, मध्ये पुसायचं नाव नाही. माझा तोल गेला. "बाबा, रोग तुम्हीच वाटताय!"

त्यांनी चाकू माझ्या हातात ठेवला. तपासायला आणलाय.

शनिवार, २५ ऑगस्ट

थोरलीभोवती चर खणला, आजारी मुळं तिच्या मुळांना भिडू नयेत म्हणून. बाबा लांब पायरीवर. "तूच खण. उगाच माझा हात लागायचा." तरी "या" म्हणाले नाही मी!

बुधवार, ५ सप्टेंबर

चाकू स्वच्छ! काचेच्या बशीत काही उगवलं नाही.

शेजारच्या बशीत सहज म्हणून माझ्या बुटांच्या तळाची माती लावली होती. ती पांढरीफेक झाली आहे.

कुऱ्हाड, फावडं रोज औषधाने धुते मी. आणि बूट? बाबांकडे जायची घाई असते ना! दर शनिवारी फाटकापासून थोरलीपर्यंत त्याच बुटांनी चालत गेले.

शनिवार, ८ सप्टेंबर

फाटकाशी बादलीत औषध कालवलं आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. बाबांना नवल वाटलं नाही. "फाटकाजवळच्या त्या तिघांना मी वर्षभर चाकू लावलेला नाही. मला तेव्हाच कळलं होतं, धाकटे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू यायची थांबली असतीस. चल, पाय बुडव."