मारुतीची रुई आणि माझी फुलपाखरं

रायपूर, गुरुवार

ती. श्यामराव यांस,

अनंतरावाचा दंडवत. इकडे सगळं ठीक, म्हणजे तुमची बहीण ठणठणीत आहे आणि मी आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? (माझे आता म्हणत नाहीत, नुसते कण्हतात.)

थकलो हो मी. उन्हाळ्यात आमच्या शिशिरच्या यामिनीनं दिल्लीहून फोनवर विचारलं, "दादाजी, आपके यहाँ तितलियाँ हैं?" मी तोंड भरून हो म्हणालो. राजधानी झाल्यापासून इथे मंत्री आले, बंगले आले, उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ तर रोज अंगणात येते; फुलपाखरू तेवढं येत नाही. पोर दोन वर्षांनी दिवाळीला येणार आणि आजोबा खोटा ठरणार! झेंडू लावला, त्यावर माशा आल्या. शेवटी नर्सरीवाला म्हणाला, फुलं राहू द्या, आधी अळ्यांच्या पोटाची सोय करा, रुई लावा.

आता दारात मुद्दाम रुई कोण लावतं? कुसुमला वाटलं, नवऱ्याला उतारवयात देव आठवला. "अहो, माह्या मारुतीच्या नवसासाठी लावली काय?" असं तिनं इतक्या कौतुकानं विचारलं (लग्नानंतर हे दुसऱ्यांदाच), की मी "हव" म्हणून बसलो. झालं! मी आठवडाभर पानांवरची धूळ धुतो, चिमण्या हाकलतो, अळ्या पोसतो आणि शनिवारी ती अळ्या झटकून पानांचा हार मारुतीच्या गळ्यात घालते. बजरंगबलीशी भांडायची माझी छाती नाही.

गेल्या शनिवारी मात्र ओरडलोच, एवढा कसला नवस म्हणून. सांगितला की फळत नाही, म्हणून इतके दिवस गप्प होती. रडकुंडीला येऊन म्हणाली, "पोट्टी दिवाळीले घरी यावी म्हणून! अन् तुम्ही काहून किडे पोसून राहिले?" मग मीही सांगितलं. त्या दिवशी चहा कुणीच केला नाही.

वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा,
अनंतराव

ता. क. खरं लिहायचं होतं ते हे : शिशिरनं अजून तिकीट काढलेलं नाही. आम्हाला "बघू" म्हणतो. तुम्ही मामा, तुमचं ऐकतो. जरा दटावा त्याला. फुलपाखरांचं काही बोलू नका.

आणखी एक. पत्र टाकायचं राहिलं, आज शनिवार उजाडला. एका पानाखाली हिरवा कोष लटकला होता. कुसुमनं सगळी रुई ओरबाडली, तेवढं पान ठेवलं. हार आखूड झाला. नवसाचं काय, विचारलं, तर म्हणाली, "मारुती समजून घेते. पोट्टी नाही घेणार."