दोनशे चौदा चुका

३ मार्च, शनिवार

झलक आली! दोन मिनिटं अकरा सेकंद. आम्ही ती नऊ वेळा पाहिली आणि दहाव्यांदा पाहण्याआधीच भांडण पेटलं.

जागा नेहमीची, दातांच्या डॉक्टरांची प्रतीक्षा-खोली. शनिवारी दुपारनंतर पेशंट नसतात, मग आम्ही चौघं खिडकीकर जमतो. हे आडनाव आम्ही स्वतःच घेतलंय. «सतरा खिडक्या» या एका मालिकेपायी आम्ही बाकी कुठल्या कामाचे उरलेलो नाही. टेकडीवरची हवेली, तिथे एकटी राहणारी विधवा, आणि धुकं पडलं की जिना चढून येणारा तिचा मेलेला दीर. बावन्न भाग. आता त्याचा सिनेमा होतोय.

"हवेलीला रंग दिलाय!" टॅक्सीवाले काका ओरडले. "भुताच्या घराला रंग कोण देतं? उद्या लिफ्ट बसवतील!"

"दीर देखणा आहे हो," डॉक्टर म्हणाले. "दात फार सरळ आहेत. मेलेल्या माणसाचे इतके सरळ नसतात."

"मी फक्त एवढीच पुरवणी जोडते," कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या आणि वीस मिनिटं बोलल्या. म्हणूनच त्यांचं नाव पुरवणी.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटली. "चुका – शून्य."

खोलीत सुतक पसरलं. मालिकेतल्यासारखी दार आपटल्यावर भिंत हलत नाही. मेणबत्ती जळता जळता लांब होत नाही. तिरडीवरचं मढं आवंढा गिळत नाही. "मग बघायचं काय?" काका म्हणाले.

चुकांची यादी माझ्याकडे असते. भाग, मिनिट, सेकंद, काय चुकलं. नऊ वर्षांत दोनशे चौदा. मालिका लावली की आम्ही चूक आली रे आली की तिचा आकडा ओरडतो. नवी चूक सापडली तर शोधणाऱ्याला उरलेली दुपार डॉक्टरांच्या खुर्चीत लोळायला मिळतं. ती खुर्ची बहुतेक माझीच असते.

५ मार्च, सोमवार

आमच्या वजनमापांच्या प्रयोगशाळेत बेकरीवाल्या बाई काटा तपासायला घेऊन आल्या. चार ग्रॅमची चूक. "चार ग्रॅमने काय आभाळ कोसळतं?" म्हणाल्या. मी काटा दुरुस्त केला, शिक्का मारला.

घरी आईने विचारलं, "दर शनिवारी जातेस कुठे?"

"दातांच्या डॉक्टरांकडे."

खोटं नाही.

"नऊ वर्षं? एवढ्यात नवी बत्तिशी उगवली असती."

इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठेच लिहिता येत नाही. «सतरा खिडक्या»ची कंटिन्युइटी आई बघायची. म्हणजे आधीच्या दृश्यात पेला कुठल्या हातात होता, शाल कुठल्या खांद्यावर, घड्याळात किती वाजले होते, हे वहीत टिपून ठेवायचं, म्हणजे पुढच्या दृश्यात फरक पडणार नाही. म्हणजेच दोनशे चौदाच्या दोनशे चौदा चुका – पदाने – माझ्या आईच्या.

खिडकीकरांना हे माहीत नाही. आईला खिडकीकर माहीत नाहीत. मालिका संपल्यावर तिला त्या कामाला परत कोणी बोलावलं नाही. ती शाळेच्या ऑफिसात चिकटली आणि तिथेच राहिली. टीव्हीवर मालिका लागली की म्हणते, "बंद कर ते." बस्स.

मी अठरा वर्षांची असताना गुपचूप पहिला भाग लावला तो फक्त तिचं नाव बघायला. शेवटी दोन सेकंद दिसतं. पण चौथ्याच मिनिटाला मेणबत्ती लांब झाली. मी लिहून घेतलं. एकदा मोजायला लागलं की मला थांबता येत नाही.

१० मार्च, शनिवार

सिनेमावाल्या कंपनीचं पत्र! झलक पाहून लोकांनी त्यांना धुऊन काढलंय – फार गुळगुळीत, फार स्वच्छ. आता त्यांना चुका परत घालायच्या आहेत. आमची यादी मागितलीय. शिवाय पहिल्या खेळाला ती पुस्तिका म्हणून वाटणार, जुन्या मंडळींच्या नावांसकट. वीस तारखेपर्यंत पाठवा म्हणतात.

काका नाचले. खरंच नाचले, चपला काढून.

मतदान: तीन बाजूने, विरोधात कोणी नाही, एक तटस्थ. "तटस्थ काय तटस्थ!" काका म्हणाले. "पोरी, अगं तुझं पुस्तक निघतंय!"

पुरवणीने तिथल्या तिथे अर्पणपत्रिका लिहिली. "कंटिन्युइटीवाल्या बाईंना – ज्या बावन्न भाग गाढ झोपल्या होत्या." खाली आईचं नाव, पूर्ण.

सगळे हसले. मीही हसले. अर्धा सेकंद उशिरा.

११ मार्च, रविवार

यादी पाठवली नाही. संगणक बिघडलाय असं कळवलं. माझा संगणक कधीच बिघडत नाही.

१४ मार्च, बुधवार

काकांचा फोन. "सेकंद मोजणारी तू, आणि चार दिवस झाले! पुरवणी म्हणते तू भाव खातेयस."

"दुरुस्तीला दिलाय."

"माझ्या भाच्याला पाठवू का?"

"नको."

संध्याकाळी आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "घड्याळ उजव्या हातात का घातलंयस आज?" डाव्या मनगटाला प्रयोगशाळेत जरासं भाजलं होतं. मग म्हणाली, "आणि माझी कात्री कोणीतरी वापरून उलटी ठेवलीय." घरात आम्ही दोघीच. कोणीतरी म्हणजे कोण!

या बाईच्या नजरेतून माशी सुटत नाही. हिने दोनशे चौदा चुका केल्या? हे गणित मला कधीच सुटलेलं नाही.

१७ मार्च, शनिवार

सांगून टाकलं.

मनात वाक्य तीनदा जुळवून ठेवलं होतं. तोंडातून भलतंच आलं. "ती बाई झोपली नव्हती. ती माझी आई आहे."

डॉक्टरांनी मास्क नाकावर ओढला. समोर पेशंट नव्हता. पुरवणी लाल झाली.

"म्हणजे," काका हळूच म्हणाले, "मढ्याचा तो आवंढा... तुझ्या आईचा?"

"हो."

"भुताच्या मनगटावर घड्याळ?"

"हो."

काका उठून उभे राहिले. देवळात शिरल्यासारखा चेहरा. "आणि तू नऊ वर्षं त्या माउलीला घरात लपवून ठेवलंस? आण तिला!"

"कशाला? तोंडावर हसायला?"

"हसायला काय! पाया पडायला!"

"काका, गप्प बसा," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, मास्क खाली घेऊन, "त्यांना चालणार असेल तरच यादी जाईल. नाहीतर नाही. सिनेमा गेला खड्ड्यात."

पुरवणीने अर्पणपत्रिकेचा कागद चार वेळा फाडला. "मी पुरवणी मागे घेते," म्हणाली. इतिहासात प्रथमच.

म्हणजे आता आईला सांगणं आलं. तीन दिवस आहेत.

१८ मार्च, रविवार

यादी छापली. अकरा पानं. चहा झाल्यावर तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. शनिवार, खिडकीकर, कंपनी, पुस्तिका. अर्पणपत्रिकासुद्धा. अर्धवट सांगण्यात अर्थ नव्हता.

तिने चष्मा लावला. पेन्सिल मागितली. पहिल्या पानाला अकरा मिनिटं घेतली. मी समोर बसून होते. प्रयोगशाळेत लोक आपल्या काट्याकडे कसे बघत बसतात ते आज कळलं.

मग एकदम भडकली – "मढ्याचा आवंढा माझ्या माथी? मी काय त्याचा गळा धरून बसू? नटाची चूक ती!" पेन्सिलीने फुली. "भिंत हलली ती सुतारामुळे. फुली. मेणबत्ती... हं. ही माझी." बरोबरची खूण. "घड्याळ माझं नाही. मी दोनदा सांगितलं होतं त्या भुताला, घड्याळ काढ. म्हणाला, बायकोने दिलंय."

दुपारपर्यंत तिने हिशोब काढला. एकसष्ट तिच्या. एकशे सव्वीस दुसऱ्यांच्या, कोणाच्या तेही लिहिलं. मी बेरीज केली. सत्तावीस उरल्या. त्यांच्यापुढे ना खूण, ना फुली. सगळ्या एकतीस ते चौतीस या चार भागांतल्या. तेहतिसाव्या भागात एकाच दृश्यात अकरा. जेवणाचं टेबल, पेले इकडचे तिकडे, एक अख्खी खुर्ची गायब.

"आणि या?"

"दूध उतू जाईल," म्हणाली आणि आत गेली. गॅसवर काहीही नव्हतं.

बऱ्याच वेळाने दारात येऊन उभी राहिली. "लोक हसले त्याचं मला काही नाही. लोक हसतातच. पण घरातल्या घरात तू नऊ वर्षं मोजत होतीस. मला विचारायचंस ना गं."



१९ मार्च, सोमवार

आई बोलत नाहीये. डबा मात्र भरून दिला. झाकणावर चिठ्ठी – "१४३ मध्ये सेकंद चुकलाय. चाळीस नाही, बेचाळीस."

प्रयोगशाळेत पडताळून पाहिलं. बेचाळीसच.

२० मार्च, मंगळवार

आईचा होकार! अट एकच. तिच्या नावापुढे एकसष्ट. एकही जास्त नको, एकही कमी नको. काकांना फोन केला तर रस्त्यात गाडी थांबवून रडले म्हणे. मागची सवारी घाबरली.

"आणि त्या सत्तावीस?" मी आईला विचारलं. "कंपनीला नाव हवंय."

"कंपनीला सांग, एक दिवस थांबा," आई म्हणाली. कंपनी थांबली.

२१ मार्च, बुधवार

आईने कपाटाच्या तळातून एक जुनी वही काढून दिली. अक्षर तिचं नाही. माझ्या वेळच्या शेवटच्या महिन्यात तिला दवाखान्यात झोपवून ठेवलं होतं. नोकरी जाऊ नये म्हणून चार भाग तिच्या जागी बाबा बसले. पाण्याचे मीटर वाचणारे बाबा! दिग्दर्शक म्हणाला होता, गप्प बसून लिहीत असेल तर चालेल. नाव मात्र आईचंच लागलं आणि बोलणीही तिनेच खाल्ली.

मी दोन वर्षांची असताना बाबा गेले. माझ्याकडे त्यांचे तीन फोटो आहेत. आवाज आठवत नाही.

भाग एकतीस – "बाई जिना उतरल्या. फार थकलेल्या दिसतात. कोणीतरी खुर्ची द्यावी."

भाग बत्तीस – "दिवा विझला. मी दचकलो. बाकीचे हसले."

भाग तेहतीस, जेवणाचं टेबल. अख्ख्या पानावर एकच ओळ –

"मुलगी झाली. बाकी काही पाहिलं नाही."