रोहिणीहून मंद

पुणे, १८ जानेवारी २०२६

प्रिय अपेक्षा,

सहा वर्षांनी माझे अक्षर पाहून तू हे पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, अशी भीती वाटते. तरी लिहिते आहे. समोर बोलताना माझे शब्द अडतात, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक!

आज सायंकाळी गच्चीवरून मृगातली आर्द्रा पाहिली. शहराच्या उजेडात अर्धे मृग नक्षत्र विरून जाते. ती मात्र तांबूस, शांत तेवत असते. मांजरी गावी तुमच्या शेतात आकाश किती खाली उतरत असे! उसाची पाने सळसळत आणि तो आवाज वरूनच येतो आहे, असे मला वाटे. अकरावीच्या त्या हिवाळ्यात आपली कामे ठरलेली होती. तू बांधावर घोंगडीवर पडून कोणता तारा कोणाहून तेजस्वी ते सांगायचीस. मी डोळे दिपू नयेत म्हणून बॅटरीला लाल कागद लावून नोंदवहीत टिपायची.

डिसेंबरअखेरीस एकदा तू म्हणालीस, "आर्द्रा आज रोहिणीपेक्षा मंद हाय." माझ्या पुस्तकात उलटे होते. मी पुन्हा पाहायला लावले. तू पुन्हा तेच सांगितलेस. मी मान वर न करता पुस्तकातले लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात 'निरीक्षक नवखी' असेही. तू ते वाचलेस. "पुस्तकातलंच लिवायचं हाय, तर मला थंडीत कशाला झोपवलंस गं?" एवढे बोलून तू घोंगडी गोळा केलीस.

महिनाभरात वर्तमानपत्रात आले, आर्द्रा खरोखरच मंदावली होती. तिनेच उधळलेल्या धुळीने तिचे तेज झाकले, असे पुढे शास्त्रज्ञांनी सांगितले. प्रकाशाला इथवर यायला शतके लागतात; तेव्हा उडालेली ती धूळ त्या रात्री तुझ्या डोळ्यांपर्यंत पोहोचली. शेजारी बसलेल्या मला दिसली नाही. ते कात्रण मी जपून ठेवले, तुला दाखवले नाही. मार्चमध्ये टाळेबंदीत कॉलेज बंद झाले आणि मला गप्प राहायला निमित्तच मिळाले.

परवा आपल्या वर्गातली पूर्वा भेटली. तुझी भाची तारे विचारते, तेव्हा "मला नीट दिसत नाही बाई" म्हणून तू घरात निघून जातेस, असे म्हणाली. तुला नीट दिसत होते, अपेक्षा. मी पाहिलेच नव्हते.

आमचे आकाशनिरीक्षण मंडळ जुन्या नोंदी एकत्र करते आहे. नोंदीत खाडाखोड चालत नाही. चुकीवर एक रेघ मारून, वर खरे ते लिहून, निरीक्षकाने सही करायची असते. मी रेघ मारली आहे. वर 'रोहिणीहून मंद' असे लिहिले आहे, आणि शेऱ्यात 'चूक लेखनिकाची'. सहीची जागा रिकामी आहे. सोबत मूळ वहीच पाठवते आहे; प्रत काढून ठेवलेली नाही. सही करावीशी वाटली नाही, तर वही तुझ्याकडेच राहू दे. मी मंडळाला सांगेन, ज्यांनी पाहिले त्यांनी अजून होकार दिलेला नाही.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
सुरुची