खानावळ चालू असल्याबाबत

प्रिय पत्नीस,

सप्रेम नमस्कार. (पतीने पत्नीस आशीर्वाद लिहावेत असा प्रघात आहे, याची मला जाणीव आहे, परंतु सध्याची तुझी जागा माझ्याहून वरची असल्यामुळे नमस्कारच योग्य ठरतो.) पाकिटावर तुझे नाव, माझे नाव व आडनाव असे संपूर्ण लिहिले आहे. पत्त्याची ओळ तूर्त कोरी आहे. तुझे गुडघे आता दुखत नसावेत. इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहावे लागते म्हणून लिहितो.

तू गेल्यापासून मी घराबाहेर पडत नाही, ही तक्रार तुझ्या धाकट्या बहिणीने इतक्यांदा केली की अखेर तिच्या नागरिक मंडळाचे एक काम मी पत्करले. वस्तीत एकट्या माणसाला शिजवलेले अन्न कोठे मिळते, याची यादी करावयाची. काम किरकोळ वाटले. (मला किरकोळ वाटलेल्या कामांचा इतिहास तू जाणतेस, न्हाणीघरातील नळ आजही गळतो आहे.) चालू ठिकाण कशास म्हणावे हे आधी ठरवा, असे मी सभेत सुचवले आणि कोणी ठरवीना म्हणून नियम मीच केला: पाहणाऱ्याने जेवणाच्या वेळी निदान एका गिऱ्हाइकास स्वतःच्या डोळ्यांनी खाताना पाहिले तर 'चालू', एरवी 'बंद'. नियम सर्वांना पसंत पडला, कारण त्यामुळे सभा संपली.

या नियमाने माझी जी दैना केली ती सविस्तर लिहीत नाही. न्हाव्याच्या दुकानात एक गृहस्थ अर्ध्या दाढीनिशी बिस्कीट खाताना आढळले, तेव्हा दुकान यादीत घ्यावेच, असा न्हाव्याचा आग्रह पडला. बिस्कीट भाजलेले असते, शिजवलेले नव्हे, हे मी त्याला पटवीपर्यंत त्याने माझे केस कापून टाकले होते. उलट, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडे अंडी-पाव खरोखर मिळतो. परंतु तो आईला भेटायला गावी गेलेला, टपरीला फळी लावलेली. मी 'बंद' लिहिले. परतल्यावर तो थेट माझ्याकडे आला.

"काका, माणूस गावाला गेला म्हणजे काय मेला?"

नियम सर्वांना सारखाच आहे, असे मी सांगितले.

"सारखा ना? मग काकूंच्या खानावळीपुढे काय लिहिलंत?"

तुझ्या खानावळीपुढची जागा मी कोरी सोडली होती. कोरा रकाना पाहून तो उठला. जाताना माझ्या चपला सरळ लावून गेला, हे मला अधिक लागले.

खानावळीची खोली तू गेलीस तेव्हापासून कुलपात आहे. किल्ल्या माझ्या कोटाच्या खिशात असतात. खोलीच्या मालकीणबाई जिन्यात भेटतात, खोलीचा विषय काढीत नाहीत, हवेबद्दल बोलतात. (हवेवर इतके बोलण्यासारखे काही नसते.) 'बंद' लिहिण्यास हात धजेना आणि 'चालू' लिहिणे खोटे ठरले असते. तेव्हा एकच सनदशीर मार्ग उरला: खानावळ एक दिवस चालवणे. स्वतःच्या ठिकाणाची पाहणी स्वतः करणे गैर, म्हणून तुझ्या बहिणीस पेन्सिलीसह बसवले.

तुझ्या एकाही डब्यावर चिठ्ठी नाही. (मी दोनदा सुचवले होते.) मीठ कोणते हे चाखून ठरवताना प्रथम खाण्याचा सोडा हाती लागला. बटाटे चिरले ते कोणत्याही दोन फोडींचे एकमेकींशी नाते लागणार नाही असे. भात फुगत राहिला. झाकण उचलून तो बाहेर डोकावला तेव्हा मी दोन पावले मागे सरलो. धूर झाला आणि धुरामुळेच गिऱ्हाईक आले. तुझे नेहमीचे शिंपी. आपल्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला बसले.

"कच्चं आहे की करपलंय?" त्यांनी विचारले.

"दोन्ही."

"एकाच पातेल्यात? जमतं कसं हो तुम्हाला?"

मात्र त्यांनी ताट पुसून खाल्ले. तुझ्या बहिणीनेही खाल्ले. तिच्या डोळ्यांना पाणी आले. तिखट मी घातलेच नव्हते. "भाऊजी, चालू लिहिते," ती म्हणाली आणि तिने लिहिले. तू गेल्यानंतर प्रथमच मला काही साधल्यासारखे वाटले. तेवढ्यात शिंपी हात धुऊन आले आणि रोज तुला विचारीत तसे सवयीने मला विचारून बसले, "उद्या काय आहे?"

उद्याचे मी काहीच ठरवले नव्हते. नियम करताना हे माझ्या लक्षात यायला हवे होते. कोणी खाताना दिसले एवढ्याने खानावळ चालू ठरत नाही. उद्या काय आहे हे जिथे कोणाला तरी ठाऊक असते, ती चालू. मी पेन्सिल मागून घेतली, 'चालू' खोडले, 'बंद' लिहिले आणि बाजूला सही केली. टपरीवाल्याचे 'बंद' खोडून तेथे 'चालू' केले. शिंप्यांनी उरलेला भात मागून नेला, कशासाठी ते मी विचारले नाही.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीस जप, असे सवयीने लिहिले गेले आहे, खोडत नाही.

तुझा,
पती

ता. क. टपरीवाल्याला खोली हवी आहे. शिंप्यांचा बाक हलवणार नाही, असे तो म्हणतो. उद्या काय आहे असे मी त्याला आडून विचारले. "अंडी," तो म्हणाला. परवाचे विचारले. "अंडीच की, काका."

ता. क. २. हे पत्र खरे पाहता खोली त्याला देण्याच्या परवानगीसाठी आहे. ती आधी घ्यावयास हवी होती. घेतली नाही. कार्योत्तर मंजुरी मिळावी, ही विनंती.

ता. क. ३. भांडी घासून पालथी घातली. शेगडी बंद असल्याची खात्री केली. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या मालकीणबाईंना परत केल्या. त्या हवेबद्दल काही बोलल्या नाहीत.